वाद घालावा, पण मोजून : विजेच्या मोटारींच्या अभ्यासाची प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने अर्ज ठेवला. त्यांनी विजेवर चालणारी मोटार नोंदवली होती आणि आपल्या पार्किंगच्या जागेत चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी हवी होती. अर्ज एका पानाचा होता, चर्चा दीड तास चालली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, रात्री गाडी पेटली तर वरच्या मजल्यांवर झोपलेल्या माणसांचे काय? दुसऱ्यांना शंका होती की, पावसाळ्यात पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचते, तेव्हा शॉक बसेल. एका काकूंनी वीज कोणाच्या मीटरवरून जाणार, हे आधी ठरवा म्हणून सांगितले. मागच्या रांगेतला एक तरुण तावातावाने म्हणाला की, पेट्रोलच्या गाड्याही पेटतातच. सभा संपल्यावर घरी जाताना माझ्या मनात आले की, त्या दीड तासात एकही प्रश्न गैरलागू नव्हता. प्रत्येक प्रश्नामागे अभियांत्रिकीची, अर्थकारणाची किंवा कायद्याची एकेक शाखा उभी होती. सभेत उणीव होती ती मोजमापाची. आकडा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे ज्याचा आवाज चढा, त्याचे म्हणणे खरे ठरत होते.

ही प्रस्तावना त्या सभेत बसलेल्या प्रत्येकासाठी आहे. विजेच्या मोटारी सुरक्षित आहेत का आणि सोयीच्या आहेत का, या दोन प्रश्नांभोवती आता एक अभ्यासक्षेत्रच उभे राहिले आहे. रसायनशास्त्रज्ञ, अग्निशमन अधिकारी, विमा कंपन्या, नगररचनाकार आणि वीज वितरण करणाऱ्या संस्था, सगळेच त्यात आपापली भर घालत आहेत. या क्षेत्रात शिरायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेले गणित, घरचे वीजबिल वाचण्याची सवय आणि थोडा धीर एवढी शिदोरी पुरते. तुम्ही गाडी घेणार असा, न घेण्याचे ठरवलेले असो, किंवा शेजाऱ्याच्या गाडीमुळे हा प्रश्न तुमच्या दाराशी आलेला असो, तुमचे येथे मनापासून स्वागत आहे.

वाचकांनी प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा वाद नवा नाही, तो मोटारीइतकाच जुना आहे. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथे कामीय झेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेगाने मोटार चालवली. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडण्याची ती पहिली वेळ होती आणि ती मोटार विजेवर चालणारी होती. त्या काळी अमेरिकेतल्या शहरांत वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या गाड्या शेजारी शेजारी धावत. पेट्रोलच्या गाडीला धूर होता, आवाज होता आणि ती सुरू करायला पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. त्या हँडलच्या उलट्या झटक्याने माणसांचे हात मोडत. सुरक्षिततेचा आरोप तेव्हा पेट्रोलवर होता आणि सोयीचा मान विजेकडे. मग १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल गेले. टेक्सासमध्ये तेल सापडल्याने इंधन स्वस्त झाले होते, फोर्डने गाड्यांच्या किमती खाली आणल्या होत्या, आणि शहरांना जोडणारे रस्ते होऊ लागल्यावर लांबचा पल्ला महत्त्वाचा ठरला. विजेच्या मोटारीला बाजूला सारण्यात एका विजेच्या मोटरचाच मोठा वाटा होता. या इतिहासातून नवख्या अभ्यासकाने एवढे घ्यावे की, सोय आणि सुरक्षितता हे यंत्राचे जन्मजात गुण नसतात. रस्ते, इंधनाची किंमत आणि एखादा छोटासा शोध यांच्याबरोबर ते बदलतात.

पुन्हा पारडे फिरले ते लिथियम-आयन बॅटरीमुळे. सोनी कंपनीने १९९१ साली ती बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात बंगळुरूच्या ‘रेवा’ या छोट्या गाडीने २००१ साली ही वाट मळायला सुरुवात केली, तेव्हा तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या. आज मराठी वाचकाला या विषयासाठी दूर जावे लागत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही वाहनसंशोधन संस्था गाड्यांच्या आणि बॅटऱ्यांच्या चाचण्या घेते. देशात मोठ्या संख्येने विकली गेलेली नेक्सॉन ईव्ही रांजणगावात तयार होऊ लागली, तर महिंद्राच्या नव्या विद्युत गाड्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतात. ज्या वादाचे पडसाद जगभर उमटत आहेत, त्याचे लोखंड, तारा आणि चाचणीची टेबले आपल्या एका जिल्ह्यात आहेत. याचा अभिमान वाटावाच, आणि त्याबरोबर आपल्या भाषेत हा विषय नीट मांडण्याची जबाबदारीही ओळखावी.

आता सुरक्षिततेकडे वळू. ‘विजेची गाडी पेटते का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘हो’ असे आहे, पण त्या उत्तराने काहीच कळत नाही. पुढचा प्रश्न लगेच विचारायला हवा : कशाच्या तुलनेत? स्वीडनच्या नागरी संरक्षण यंत्रणेने २०२२ सालासाठी दिलेल्या आकड्यांनुसार दर एक लाख विद्युत आणि हायब्रिड मोटारींमागे ३.८ आगी लागल्या, तर सर्व प्रकारच्या मोटारी धरल्यास हे प्रमाण लाखामागे ६८ होते. फरक मोठा आहे. तरीही वाचकांनी येथे थांबू नये. दुसऱ्या आकड्यात मुद्दाम लावलेल्या आगीही आहेत. शिवाय विजेच्या गाड्या सरासरीने नव्या आहेत आणि पेट्रोलच्या गाड्यांत जुन्या, झिजलेल्या नळ्यांच्या गाड्या पुष्कळ. म्हणून या आकड्यांवरून ‘विजेच्या गाड्या कमी वेळा पेटतात’ असे म्हणता येते, ‘किती पट कमी’ हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आकडा वापरताना त्याच्या मर्यादेसकट वापरणे ही या क्षेत्रातली पहिली शिस्त आहे.

या शिस्तीची गरज का पडते, ते दोन घटनांवरून दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या लूटन विमानतळाचा बहुमजली वाहनतळ आगीत कोसळला. आग विजेच्या गाडीमुळे लागली अशी वदंता तासाभरात जगभर गेली. अग्निशमन दलाने मात्र ती एका डिझेल गाडीपासून सुरू झाल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात एका निवासी संकुलाच्या तळघरात उभी असलेली विजेची गाडी खरोखरच पेटली आणि आसपासच्या गाड्यांचे अतोनात नुकसान झाले. ती गाडी त्या वेळी चार्जिंगलाही लावलेली नव्हती. तपासात तळघरातली पाणी फवारणारी यंत्रणा बंद केली गेल्याचेही पुढे आले. एक घटना अफवेपासून सावध करते, तर दुसरी निष्काळजीपणापासून. प्रामाणिक अभ्यासकाला दोन्ही सांगता आल्या पाहिजेत, मग त्याचा कल कोणत्याही बाजूला असो.

आग किती वेळा लागते आणि लागल्यावर कशी वागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेट्रोलची आग बाहेरच्या हवेवर जगते. बॅटरीच्या आगीला आपल्याच पोटातून बळ मिळते. बॅटरीतल्या प्रत्येक सेलच्या दोन ध्रुवांमध्ये एक पातळ पडदा असतो. अपघातातल्या धक्क्याने, उत्पादनातल्या दोषाने किंवा अति चार्जिंगने तो फाटला की आत शॉर्ट सर्किट होते, उष्णता वाढते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेग घेते आणि ज्वलनशील वायू बाहेर पडू लागतात. एक सेल शेजारच्या सेलला तापवतो, तो पुढच्याला. म्हणून अशी आग विझवायला पाणी पुष्कळ लागते, वेळ लागतो, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. सगळ्या बॅटऱ्या मात्र सारख्या नसतात. निकेल आणि कोबाल्ट असलेल्या सेलपेक्षा लोह-फॉस्फेटचे सेल, म्हणजे बाजारात ‘एलएफपी’ नावाने ओळखले जाणारे, अधिक तापमानापर्यंत स्थिर राहतात. त्यांच्यात त्याच वजनात वीज थोडी कमी मावते. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारींत हेच सेल आहेत. गाडी बघायला गेल्यावर रंगाच्या आधी हा प्रश्न विचारावा, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

नियम कसे घडतात, हेही येथे समजून घेण्यासारखे आहे. २०२२ सालच्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटर पेटण्याच्या घटना लागोपाठ घडल्या, त्यातली एक पुण्यात. जूनमध्ये वसईत एक मोटार जळाली. केंद्र सरकारने चौकशी लावली आणि तज्ज्ञांच्या शिफारशींनंतर बॅटऱ्यांसाठीचे निकष कडक झाले : दुचाकी-तिचाकींसाठी ‘एआयएस १५६’ आणि मोटारींसाठी ‘एआयएस ०३८’. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आता अशी अपेक्षा आहे की, एक सेल बिघडून आग पसरू लागली तर प्रवाशांना धोका पोहोचण्याच्या किमान पाच मिनिटे आधी गाडीने इशारा द्यावा. ही पाच मिनिटे माझ्या दृष्टीने फार बोलकी आहेत. कधीच काही होणार नाही, असे वचन नियम देत नाही. माणसाला दार उघडून, मागच्या सीटवरचे मूल उचलून बाहेर पडायला किती वेळ लागतो, याचा विचार करून तो लिहिलेला आहे.

आमच्या सभेतला पाण्याचा प्रश्न कोकणात आणि मुंबईत तर रोजचा आहे. विजेच्या मोटारीतला उच्च दाबाचा प्रवाह घरातल्या विजेसारखा जमिनीशी जोडलेला नसतो. तो गाडीच्या सांगाड्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेला असतो, नारिंगी रंगाच्या तारांतून वाहतो, आणि गळती किंवा धडक जाणवताच आतले स्विच बॅटरीचा संबंध तोडतात. त्यामुळे साचलेल्या पाण्यातून गाडी गेली म्हणून आतल्या माणसांना शॉक बसेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. चिंता वेगळ्याच ठिकाणी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला ‘इयान’ वादळाने झोडपले, तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्या पाणी ओसरल्यानंतर पेटल्या. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते आणि मागे राहिलेला क्षार गंज आणतो. यातून किनाऱ्यावरच्या वाचकांनी एक साधा नियम उचलावा : बुडालेली गाडी वरून ठणठणीत दिसली तरी चार्जिंगला लावू नये, इमारतीपासून दूर उघड्यावर ठेवावी आणि तपासणीला ओढूनच न्यावी.

सुरक्षिततेचे आणखी काही पैलू चर्चेत मागे पडतात. कमी वेगात विजेची गाडी जवळपास निःशब्द असते. गल्लीत खेळणारी मुले आणि पांढरी काठी घेऊन चालणारी दृष्टिहीन व्यक्ती यांच्यासाठी ती शांतताच धोक्याची ठरते. म्हणून युरोपात अशा गाड्यांना कृत्रिम आवाज बंधनकारक झाला. बॅटरीमुळे गाडीचे वजन वाढते. ते तळाशी असल्याने गाडी वळणावर सहसा उलटत नाही, पण समोरून येणाऱ्या लहान वाहनाला तेच वजन भारी पडते. धडक-चाचणीचे निकालही पाहावेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ सुरू झाल्यापासून भारतीय विजेच्या मोटारींनी त्यात पाच तारे मिळवले आहेत. मात्र गाडी कोणत्या वर्गात नोंदलेली आहे, याची खात्री करावी. आपली रेवा लंडनमध्ये ‘जी-विझ’ नावाने विकली जाई आणि तिथे ती मोटार म्हणून नव्हे, हलक्या चारचाकीच्या वर्गात मोडत असे. त्या वर्गाला मोटारीच्या कसोट्या लागू नव्हत्या, आणि २००७ साली ब्रिटिश सरकारच्या चाचणीत तिच्याविषयी गंभीर प्रश्न उभे राहिले.

आता सोय. आपल्याकडे गाडी दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘किती ॲव्हरेज देते?’ या प्रश्नाला विजेच्या भाषेत आणणे हा या अभ्यासातला आनंदाचा भाग आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ३० युनिटांच्या बॅटरीत साडेतीन लिटर पेट्रोलइतकीही ऊर्जा नसते, आणि तरी मध्यम आकाराची मोटार तेवढ्यावर दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. कारण पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, तर विजेची मोटर दहातले सुमारे नऊ भाग चाकांच्या कामी लावते. जाहिरातीतली रेंज मात्र प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्रावर मोजलेली असते. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. एसी लावून, चार माणसे बसवून, महामार्गाच्या वेगाने तेवढी मिळत नाही. जाहिरातीच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करावा आणि उरलेल्यावर प्रवास बेतावा, म्हणजे रस्त्यात जीव टांगणीला लागत नाही.

घाटाची भीती तर कागद-पेन्सिल घेऊन घालवता येते. खोपोलीहून लोणावळ्याची चढण साधारण ५५० मीटरची आहे. माणसे आणि सामान धरून १८०० किलोची गाडी तेवढी उचलायला पावणेतीन युनिट लागतात. मोटरमधली घट धरली तर तीन, आणि रस्त्याच्या सपाट अंतराला जे लागते ते वेगळे. ३० युनिटांच्या बॅटरीचा हा दहावा भाग झाला. उतरताना मोटर जनित्रासारखी उलटी चालते आणि यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. वर ब्रेकही तापत नाहीत. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याखाली रेंजचा आकडा वाढताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा शाळेतला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मला नव्याने कळल्यासारखा वाटला.

तरीही सोयीचे खरे उत्तर गाडीत नसते, ते माणसाच्या दिवसात असते. ज्याला स्वतःची पार्किंगची जागा आहे, त्याला साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात २० ते २४ युनिट मिळतात आणि शहरातली रोजची धाव त्यात आरामात भागते. मात्र तो सॉकेट चांगल्या अर्थिंगचा, योग्य जाडीच्या वायरीचा आणि गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या आरसीसीबीचा हवा. खिडकीतून सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड या कामाचा नाही. ज्याची गाडी रस्त्यावर उभी राहते, त्याला हीच गाडी सार्वजनिक चार्जरच्या रांगेत उभी करावी लागते. पेट्रोल पाच मिनिटांत भरते, जलद चार्जरलाही बहुधा अर्धा-पाऊण तास लागतो. सरकारी धोरणही तराजू हलवते. महाराष्ट्राच्या २०२५ सालच्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. पण ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर टोलमाफीइतकेच महत्त्व वाटेतल्या चालू स्थितीतल्या चार्जरला आहे. म्हणून नागपूरच्या वकिलाचे, कुडाळच्या डॉक्टरांचे आणि ठाण्याच्या टॅक्सीचालकाचे उत्तर एकच येणार नाही, आणि तिघांचीही उत्तरे खरी असू शकतील.

शेवटी धुराचा मुद्दा. ‘वीज तर चंद्रपूरच्या कोळशावरच होते ना?’ असे विचारणारा माणूस बरोबर विचारतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शंभर किलोमीटरला १५ युनिट धरले तर साडेदहा किलो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतराला सुमारे १५ किलो सोडते. यात वीजवाहिन्यांतली गळती, पेट्रोलचे शुद्धीकरण आणि बॅटरी बनवताना झालेला धूर धरलेला नाही. ते धरल्यावर निष्कर्ष गाडी किती धावते यावर अवलंबून राहतो. रोज धावणाऱ्या गाडीला वीज फायद्याची, महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला तितकी नाही. गाडीच्या शेपटीचा धूर मात्र शाळेच्या दारातून आणि बाजारपेठेतून हटतो, हा लाभ वेगळा मोजावा.

या क्षेत्रात वाचन करताना वाचकांनी काही सवयी लावून घ्याव्यात. कोणताही दावा समोर आला की, तो कोणत्या गाड्यांविषयी, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या हवामानातला आहे ते पाहावे. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. तिथल्या अनुभवातून थंडीविषयी पुष्कळ शिकता येईल, विदर्भातल्या मे महिन्याविषयी थोडेच. जळणाऱ्या गाडीची चित्रफीत पाहिली तर पुढच्या महिन्यात तपासाचा निष्कर्ष काय आला, तेही शोधावे. आणि आपल्या मताच्या विरुद्ध असलेला सर्वांत चांगला युक्तिवाद आपल्याला मांडता येतो का, हे अधूनमधून स्वतःलाच विचारावे.

आमच्या संस्थेत त्या संध्याकाळी मतदान झाले नाही. विषय महिनाभर पुढे ढकलला गेला. मधल्या काळात वायरमनने इमारतीचा मंजूर भार आणि प्रत्यक्ष वापर मोजला, स्वतंत्र मीटरची जागा ठरली, आणि आग लागली तर गाडी कोणत्या बाजूने बाहेर ओढता येईल, हे पार्किंगमध्ये उभे राहून पाहिले गेले. पुढची सभा वीस मिनिटांत संपली आणि अर्ज मंजूर झाला. ठरावात तीन अटी घातल्या होत्या : आरसीसीबी, जिन्यापासून अंतर, आणि बाहेर काढण्याची मोकळी वाट. तिन्ही त्याच ज्येष्ठ सभासदांनी सुचवल्या होत्या, ज्यांनी पहिल्या सभेत वरच्या मजल्यांविषयी विचारले होते. त्यांची भीती मोजली गेली आणि तिचे नियम झाले. तुम्हीही आपल्या शंका घेऊनच या अभ्यासात या. त्या दाराबाहेर ठेवायची गरज नाही, येथे कामाला लागतात त्या त्याच.